मौनाचा सोमवार

बोलायचा पगार घेणारी बाई मी. एका सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी झाली. समोरच्याने अर्धं वाक्य उच्चारलं की उरलेलं मी पुरं करायचे, आणि वर पाटी वाचायचे कष्ट घेतले असते तर रांगेत उभं राहावं लागलं नसतं, हेही ऐकवायचे. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, तोंड राहिलं. मग ते घरच्यांच्या वाट्याला आलं. आमच्या ह्यांना लग्नापासून सवय होती. सून घरूनच ऑफिसचं काम करते, तिच्या कानांवर दिवसभर ते हेडफोन असतात. कामासाठी लागतात म्हणते. असेल बाई.

अशा बाईने मौनव्रत धरलं म्हटल्यावर ह्यांनी सोसायटीत पेढेच वाटायला हवे होते. ते खूळ माझ्या डोक्यात घातलं वन्संनी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीने. माझा रक्तदाब वाढलेला निघाला होता. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली, नाश्त्यानंतर घ्यायची. आता नाश्त्यानंतर म्हणजे नाश्त्यानंतर. उपासाला नाश्ता नाही, तर गोळी कशी घेणार? असा माझा सरळ हिशेब होता आणि त्यात काही चुकतंय असं मला कधीही वाटलं नाही. आमच्याकडे सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या, श्रावणात शनिवारसुद्धा. गोळ्यांची पाकिटं संपता संपत नसत, आणि मला वाटायचं, बरंच आहे, तेवढीच औषधाची सवय कमी. उपासाला खायचं काय, तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा तळलेला कीस, वर खारे वेफर्स. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते आमच्याकडे बघूनच.

तर वन्सं म्हणाल्या, त्यांच्या ओळखीतल्या एकीचा रक्तदाब नुसत्या मौनाने उतरला. श्रावणी सोमवारी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. डोकं शांत, रक्त शांत, शिवाय पुण्य. मला पटलं. फुकटात होणारी गोष्ट पुण्यात कोणालाही पटते.

पहिल्या सोमवारी भाजीवाल्याने किडकी गवार गळ्यात मारायचा प्रयत्न केला आणि माझं मौन तिथेच, त्याच्या गाडीपाशी सुटलं. दुसऱ्या सोमवारी कार्ड बंद पडणार म्हणून कोणाचा तरी फोन आला, त्याला मी असं काही झापलं की ह्यांनी टाळ्या वाजवल्या. मला फार लागलं ते. त्या संध्याकाळी मी दोघांना समोर बसवलं आणि बजावलं. पुढच्या सोमवारी मी बोलायला लागले तर मला थांबवायचं. मी काही विचारू पाहिलं तरी उत्तर द्यायचं नाही. मी कितीही तोंड वेडंवाकडं केलं तरी दाद द्यायची नाही. सुनेने मान डोलावली, हे म्हणाले की अशी आज्ञा मोडणारा नवरा अजून जन्मायचाय.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्याआधी, आषाढात, आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात एका डॉक्टरांचं पक्षाघातावर व्याख्यान झालं होतं. आभार मानायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे मी कान देऊन ऐकलं होतं. चेहरा एका बाजूला ओघळतो, हात उचलत नाही, बोलणं बोबडं होतं किंवा बंदच पडतं. एकाएकी तोल जातो, दिसेनासं होतं. यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळ बघायचं आणि तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका मेंदू वाचतो. आपोआप बरं झालं तरी सोडून द्यायचं नाही, ती आधीची सूचना असते. हे सगळं मी आभाराच्या भाषणात मुद्देसूद परत सांगितलं. हे तिसऱ्या रांगेत हनुवटी छातीला लावून बसले होते.

आणि त्यानंतर आठच दिवसांनी मार्केट यार्डात, फुलबाजारात, शेवंती घेताना माझ्या उजव्या हातातून पिशवी सुटली. बोटं लाकडाची झाली. फुलवाल्याला भाव विचारायला गेले तर जीभ जड, शब्द पिठात कालवल्यासारखे. रिक्षा मिळेपर्यंत सगळं जिथल्या तिथे आलं. घरी येऊन मी हाताला तिळाचं तेल चोळलं. वात असेल, म्हटलं. ज्या गोष्टीबद्दल मी माइकवरून डॉक्टरांचे आभार मानले होते ती माझ्याच हाताला होऊन गेली आणि मला ती ओळखू आली नाही. व्याख्यानं इतरांसाठी असतात, दुसरं काय.

तिसरा सोमवार. आमचा मुलगा सकाळीच खराडीला ऑफिसला गेला. पूजा झाली. ह्यांच्या पोळ्या करून डब्यात ठेवल्या आणि मी माझ्या खिचडीसाठी दाणे भाजायला घेतले. सकाळपासून एक अक्षर बोलले नव्हते. मनात म्हणत होते, आज जिंकणार. स्वयंपाकघरातलं घड्याळ साडेदहाला आलं होतं.

उलथनं हातातून पडलं. उचलायला वाकले तर बोटं मिटेनात. मी त्यांच्याकडे बघून मिटा म्हणतेय आणि ती तशीच. आधी मला रागच आला. मग नकळत तोंडातून अगं बाई निघायला हवं होतं, मौन असो की नसो, आयुष्यभर तेच निघत आलंय. ते निघालं नाही. घशातून नुसता एक ओला आवाज आला. मी परत प्रयत्न केला. परत तोच. दाणे करपायला लागले, मी डाव्या हाताने गॅस बंद केला आणि समोर स्टीलचा मोठा डबा होता त्यात पाहिलं. माझ्या तोंडाचा उजवा कोपरा खाली आला होता.

त्या क्षणी मला सगळं कळलं. चेहरा, हात, बोलणं. घड्याळसुद्धा समोर होतं. वाटलं, चला, घरात दोन माणसं आहेत, अजून साडेचार तास आहेत, घाबरायचं काय. मला खरोखर असं वाटलं, मी स्वतःशी हसलेही असेन, अर्ध्या तोंडाने.

भिंतीला धरून बाहेरच्या खोलीत आले. उजवा पाय मागे राहत होता. हे आरामखुर्चीत शब्दकोडं सोडवत होते, पेपर तोंडासमोर. मी त्यांच्याजवळ जाऊन आवाज काढला. पेपर खाली न घेता ह्यांनी एक बोट वर केलं आणि मौन, अशी आठवण करून दिली. मी आणखी जोरात आवाज काढला. हे म्हणाले, बघ हं, दोन सोमवार गेलेत वाया. हसत होते. मी पेपर ओढला, त्यांचं पेन डाव्या हातात धरलं आणि कोड्यावर लिहायला गेले. मला लिहायचं होतं, हॉस्पिटल. डोक्यात शब्दच नव्हता. अर्थ होता, इमारत दिसत होती, पांढरे कपडे दिसत होते, पण त्याला काय म्हणतात आणि ते कसं काढतात ते कोणीतरी पुसून टाकलं होतं. कागदावर नुसती गिचमिड उमटली. ह्यांनी पेन काढून घेतलं, कोडं खराब झालं म्हणून चुकचुकले, आणि म्हणाले की उपास बाधलेला दिसतोय, पित्त झालंय, जरा पड.

पित्त. आमच्या घरात डोकं दुखलं तर पित्त, चक्कर आली तर पित्त, जावई रुसला तरी पित्त. ह्यांनी मला दंडाला धरून आतल्या खोलीत नेलं. डावा दंड धरला होता. उजवा धरला असता तर कळलं असतं, तो लोंबत होता. मला पलंगावर निजवलं, पंखा लावला, उजेड नको म्हणून पडदा ओढला, अंगावर चादर घातली. आडवं पडून बरं वाटेल, संध्याकाळपर्यंत कोणी उठवणार नाही, असं सांगितलं. दार लोटून घेतलं. इतक्या मायेने त्यांनी मला कधी निजवलं नव्हतं, आणि मी अंधारात ओरडत होते आणि आवाज म्हणून जे येत होतं ते पंख्याच्या घरघरीतही ऐकू जात नव्हतं.

ते दार लोटल्यावर मला पहिल्यांदा भीती वाटली. मरायची नव्हे. मरणाचं काय, ते येणारच. भीती ही वाटली की मी जगेन, आणि अशीच जगेन, आत सगळं कळतंय आणि बाहेर एक अक्षर नाही. माझ्या आयुष्यात मी कोणाला माझ्यावर दया करू दिलेली नाही. आता नातेवाईक येणार, पलंगाशी बसणार, माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलणार, आणि मला त्यांना दार दाखवता येणार नाही. मी देवाला हात जोडायला गेले तर एकच हात आला. एका हाताने मी त्याला काय वाटेल ते बोलले, मनातल्या मनात. मौन त्याच्याचसाठी धरलं होतं ना.

मोबाइल उशाशी होता. तो माझ्या उजव्या अंगठ्याने उघडतो. डाव्या हाताने उजवा अंगठा उचलून त्यावर टेकवला, उघडला तो. पण फोन लावून सांगणार काय, कपाळ? मुलाचा फोटो दाबायला गेले, भलत्याच कोणाला तरी लागला. पलीकडून हॅलो, हॅलो झालं, मग तिकडून ठेवला गेला. कोण होतं ते मला आजतागायत माहीत नाही.

किती वेळ गेला कळत नव्हतं, त्या खोलीत घड्याळ नाही. कशीबशी उठले, भिंतीला खांदा घासत सुनेच्या खोलीपर्यंत गेले आणि दार ढकललं. ती मीटिंगमध्ये होती. मला पाहून तिने घाईने तो माइक बंद केला आणि काही हवंय का विचारलं. मी दारात कपाटाला टेकून उभी, उजवी बाजू कपाटाआड, खिडकीचा उजेड तिच्या डोळ्यांवर. मी डाव्या हाताने तोंडाकडे बोट केलं. पुन्हा पुन्हा केलं. तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं मी मौनाचीच आठवण करून देतेय. तिने ओठांवर बोट ठेवलं, मान हलवली आणि हळूच म्हणाली की तिच्या लक्षात आहे, ती अजिबात बोलणार नाही. मग वळून परत त्या चौकोनी तोंडांशी बोलायला लागली. पोरीचा काही दोष नाही. सासूची आज्ञा ती पहिल्यांदाच इतक्या आनंदाने पाळत होती.

मी तिथेच खाली बसले असते तर? पडले असते तर? आता सगळे विचारतात. पडले तर पित्ताने पडली म्हणतील आणि परत त्या अंधाऱ्या खोलीत नेऊन निजवतील, हे मला स्पष्ट दिसत होतं. पडायचं नाही एवढंच मी धरून ठेवलं होतं. परत खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसून राहिले आणि विचार करत राहिले. विचार चालू होता, तेच तर हाल होते.

मला बोलता येत नव्हतं आणि माझं न बोलणं कोणाला खटकत नव्हतं. म्हणजे खटकेल असं दुसरं काहीतरी करायला हवं होतं. असं काय आहे, जे मी मेले तरी करणार नाही, हे ह्या दोघांना ठाऊक आहे?

बाहेर ताट मांडल्याचा आवाज आला. हे जेवायला एकच्या सुमारास बसतात, भूकंप झाला तरी. मी उठले. स्वयंपाकघरापर्यंतचा तो बोळ मी कसा पार केला ते मला सांगता येणार नाही. हे टेबलाशी बसले होते, समोर पोळी, भेंडीची भाजी, आमटी. मी त्यांच्याजवळ गेले, डाव्या हाताने त्यांच्या ताटातली पोळी उचलली, त्यांनी एक घास मोडलेली, उष्टी, आणि तोंडात कोंबली.

श्रावणी सोमवार मी न्हाण आल्यापासून धरते. दोन्ही बाळंतपणांत सोडला नव्हता. कॉलेजात असताना मुलाने एकदा गंमत म्हणून माझ्या खिचडीत शेव टाकली होती, तर मी दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणीही घेतलं नव्हतं. मौन मोडता येत नव्हतं, म्हणून मी उपास मोडला, डाव्या हाताने, नवऱ्याच्या उष्ट्याने.

"अगं, आज सोमवार," हे म्हणाले, आणि मग त्यांनी वर पाहिलं.

तोंडातला घास उजव्या कोपऱ्यातून परत बाहेर येत होता. लाळ गळत होती. ह्यांचा हात आमटीच्या वाटीवर तसाच राहिला. ते उठले, खुर्ची मागे पडली, त्यांनी दोन बोटांनी माझ्या तोंडातली पोळी काढली आणि मला हसायला सांगितलं. तिसऱ्या रांगेत झोपलेला माणूस. मी हसले, जे काय आलं ते. हात वर करायला सांगितलं. एक वर गेला.

"बोल," हे म्हणाले. "मौन गेलं खड्ड्यात. बोल काहीतरी."

मी नुसती रडले. रडणं मात्र पूर्वीसारखंच आलं, दोन्ही डोळ्यांनी.

सून धावत आली. ह्यांचं म्हणणं, खालच्याच गल्लीत आपले डॉक्टर आहेत, आधी त्यांना दाखवू, ते चिठ्ठी देतील. कोणत्याही दुखण्यात आधी त्यांच्याकडे जायचं ही आमच्या घरची रीतच. सुनेने गाडीची किल्ली घेतली होती. तिने सांगितलं की त्यांच्याकडे मेंदूचा स्कॅन नाही, आपण जिथे तो आहे तिथेच जायचं, आणि तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही. सासऱ्यांना ती आजवर इतकं तोडून कधी बोलली नव्हती. लिफ्टमध्ये तिने नवऱ्याला फोन केला, हॉस्पिटलला फोन करून पेशंट घेऊन येतोय म्हणून सांगितलं, आणि बिबवेवाडीच्या उतारावरून गाडी अशी काढली की एरवी मी तिला दोन शब्द सुनावले असते. मार्केट यार्डाच्या चौकात टेम्पो आडवा. हे खिडकीतून हात काढून लोकांना बाजूला व्हा म्हणत होते, पुण्याची माणसं, त्यांनी आधी कारण विचारलं. माझं डोकं ह्यांच्या मांडीवर होतं आणि हे माझा उजवा हात चोळत होते. मला त्याचं काहीच कळत नव्हतं, ते मला दिसत होतं फक्त.

हॉस्पिटलात मात्र धावपळ झाली, स्कॅन झाला, रक्तस्राव नाही, गुठळी आहे म्हणाले. एक तरुण डॉक्टर आला. त्याने ह्यांना विचारलं की या शेवटच्या पूर्ण ठणठणीत कधी होत्या, नेमकं सांगा.

हे म्हणाले, सकाळपासून मौनच होतं.

डॉक्टरांना कळेना. सुनेने व्रत समजावून सांगितलं. त्याने विचारलं की शेवटचं नीट बोललेलं कोणी ऐकलंय, कधी. हे म्हणाले, काल रात्री, झोपताना. सकाळी चहा दिला तेव्हा? चहा टेबलावर ठेवला होता. कोणत्या हाताने? चालताना? चेहरा? ह्यांना काहीच सांगता येईना. पेपर होता ना तोंडासमोर.

डॉक्टरचा चेहरा बदलला. तो शांतपणे सांगायला लागला की नक्की वेळ माहीत नसेल तर शेवटचं चांगलं पाहिल्यापासून वेळ धरावी लागते. काल रात्रीपासून धरली तर केव्हाच उशीर झालाय, मग इंजेक्शन देणं धोक्याचं, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणखी तपासण्या करून पाहता येतील, पण त्यात वेळ जाईल.

मी तिथे स्ट्रेचरवर पडून हे सगळं ऐकत होते. वेळ मला माहीत होती. त्या अख्ख्या खोलीत फक्त मला माहीत होती. साडेदहा. उलथनं पडलं तेव्हा मी स्वतः पाहिलं होतं. चौकशीच्या खिडकीवर बसलेली बाई मी, लाखभर लोकांना गावभरचं सांगितलं, आणि आता एका माणसाला एक वेळ सांगायची होती तर येत नव्हती. मी डाव्या हाताची बोटं दाखवली, दोन वेळा पाच, मग अर्धं कसं दाखवू? त्यांना वाटलं मी तडफडतेय. नर्सने माझा हात धरून खाली ठेवला, सुई निघेल म्हणाली. मी पायाने स्ट्रेचरला लाथा मारल्या. देवा, एवढा एक शब्द दे, मग आयुष्यभर मौन धरते, असं मनात म्हणाले मी. असले सौदे करतं माणूस.

"दहा वाजता त्या नीट होत्या," सून म्हणाली.

मी विसरलेच होते. पूजा झाल्यावर जुईचा एक गजरा उरला होता. सून दहाच्या मीटिंगला बसली होती, केस मोकळे, श्रावणी सोमवार आणि घरची सून अशी. बोलायची सोय नव्हती. मी सरळ आत गेले आणि मागे उभी राहून तिचे केस बांधले, गजरा माळला, पिन दातांनी उघडून लावली. कॅमेरा चालू होता. तिची सगळी टीम बघत होती आणि हसत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, हे ती डॉक्टरांना रडत रडत सांगत होती. नंतर काम संपल्यावर सासूशी यावरून बोलायचंच असं तिने ठरवलंही होतं.

डॉक्टरने विचारलं, दोन्ही हातांनी? ती म्हणाली, दोन्ही हातांनी. तिने मान खाली करून गजरा दाखवला. घट्ट होता.

त्याने घड्याळ बघितलं. दहापासून मोजलं तर थोडाच वेळ उरला होता. धोका समजावला, सही मुलाने केली, तो तोवर खराडीहून पोचला होता. इंजेक्शन दिलं.

इंजेक्शन दिलं म्हणजे उठून बोलायला लागले असं कोणी समजू नये. उशीर व्हायचा तेवढा झालाच होता. पहिले अनेक दिवस मी चमच्याला मंगळवार म्हणत होते आणि ह्यांना काय म्हणायचं तेच मला आठवत नव्हतं. वाचा शिकवणारी एक मुलगी यायची, चित्रं दाखवायची, मी केळं बघून रडायचे, कारण केळं मला माहीत होतं. पाय सुधारला. हात खांद्यापर्यंत वर जातो, पिन उघडता येत नाही. बोलणं आलं, पण मोजूनमापून, मधेच खड्डा येतो आणि मी त्याच्या काठावर उभी राहते. हे लिहायलाही मला डाव्या हाताने कित्येक महिने लागलेत. डॉक्टरांनी सोडताना गोळ्यांचं विचारलं, मी उपासाचा नियम सांगितला, म्हणजे ह्यांनी सांगितला. ते म्हणाले, गोळी पाण्याबरोबर घेतल्याने कुठल्या देवाचा उपास मोडतो ते मला कळवा, मी त्या देवाशी बोलतो. पुण्याचेच होते. आता गोळी रोज घेते, उपास असो नसो. मीठ कमी, तळलेलं बंद, सकाळी तळजाईच्या वाटेवर चालणं. दाब घरी मोजतो आम्ही.

गेल्या महिन्यात वन्सं आल्या होत्या. त्यांच्यासमोर हे म्हणाले, ती आता फारशी बोलत नाही हो. सहज म्हणाले. माझ्या काळजात कळ आली. ज्या भीतीने मी त्या अंधारात ओरडले होते तीच माझ्या नवऱ्याच्या तोंडून, माझ्यादेखत, चहाबरोबर निघाली. त्या गेल्यावर मी अबोला धरला. आमच्या संसारात पूर्वी चांगले तीन-तीन दिवस चालायचे अबोले, आणि ते मीच धरायचे, कारण माझ्या न बोलण्याला किंमत होती.

सकाळी मी गॅसपाशी उभी होते. ह्यांनी दारातून काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं नाही. परत विचारलं. मी पाठ फिरवली. मग ते आत आले, चपला तशाच पायात, आणि माझ्या समोर येऊन माझ्या तोंडाकडे बघायला लागले. हसायला सांगितलं. मी कशाला हसू? हात वर करायला सांगितलं. मी केला नाही, रागच तेवढा होता. शिवी दे, म्हणाले, पण बोल.

तेव्हा मला दया आली आणि मी बोलायचं ठरवलं. तोंड उघडलं. आणि शब्द आला नाही. मी तिथे उभी, तोंड उघडं, आणि मलाच कळेना की मी रुसलेय, की हे परत झालंय. माझा राग कुठे संपतो आणि ते कुठे सुरू होतं, मला सांगता येईना. मी उजव्या हाताकडे पाहिलं, बोटं मिटली, अर्धी, रोजच्यासारखी. तरी शब्द येईना.

"दूध," मी म्हटलं शेवटी. "उतू जातंय."

हे तिथेच फरशीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. गॅस मीच बंद केला. तेव्हापासून आमच्या घरात अबोला बंद आहे. भांडण झालं तर मी बोलूनच भांडते, अडखळत, शब्द शोधत, आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत हे समोर उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत राहतात.